ऐकत ऐकत गेले

वृद्धेच्या कानात यंत्र बसवून झाले आणि आईला आता खरेच ऐकू येते का ते पाहावे म्हणून तिच्या लेकीने तोंड अगदी कानाशी नेऊन "आई" असे म्हटले, तेव्हा ते यंत्र शिट्टी फुंकल्यासारखे कुईं करून ओरडले. यात नवल असे काही नव्हते. तोंड, हात, उशी, काहीही कानाच्या फार जवळ गेले की यंत्रातून बाहेर पडणारा आवाज फिरून यंत्रातच शिरतो आणि ते किंचाळते. दुकानात ही शिट्टी दिवसभर वाजत असे आणि यंत्र बसवणारा तो ती ऐकून न ऐकल्यासारखी करी. "घाबरू नका, जरा लांबून बोला," असे म्हणत त्याने सवयीने हात पुढे केला आणि अंगठ्याच्या नखाने यंत्राच्या बुडाशी असलेले सेलचे इवलेसे दार उघडले. दार उघडले की सेल सुटतो आणि यंत्र मुके होते. शिट्टी थांबली. आणि त्या थांबण्यात, नख अजून दारावरच असताना, तो वाकलेला तसाच राहिला. हे नख, हे दार, ही अशीच एकाएकी पडलेली शांतता त्याच्या बोटांच्या ओळखीची होती. तेव्हा फक्त कान दुसऱ्याचा होता.

"बंद पडलं का हो?" लेकीने विचारले.

"नाही. बंद केलं मी."

"मग आता हिला ऐकू येत नसेल?"

"आता काहीच नाही," तो म्हणाला, आणि आपण हे कोणाविषयी बोललो ते त्याला स्वतःलाच कळेनासे झाले.

श्रवणयंत्रांच्या त्या दुकानात त्याचे काम साच्यांचे. मॅडम काचेच्या खोलीत बसवून माणसाचा कान तपासीत, आणि मग तो त्या कानात मऊ लगदा भरून त्याचा ठसा घेई, ठशावरून साचा घडवी, साच्याला यंत्र जोडून देई. वडिलांच्या कानाचा साचाही त्यानेच घडवला होता. वडील कापड गिरणीत मागांचे फिटर. साऱ्या आयुष्यभराच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान पुरता मेला होता आणि उजव्यात अगदी तळाशी थोडेसे उरले होते. इतक्या बहिऱ्या कानाला फार मोठा आवाज द्यावा लागतो, आणि तो बाहेर सांडू नये म्हणून साचा इतका घट्ट लागतो की केसाएवढीही फट राहता कामा नये. तो साचा त्याच्या हातून झालेला सर्वांत नेटका साचा होता. मॅडमनी तो उजेडात धरून पाहिला होता आणि त्या म्हणाल्या होत्या, "असं बूच मारलंस की हवासुद्धा परवानगी मागेल." त्या वेळी तो अभिमानाने हसला होता.

वडील गेले ते गेल्या थंडीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात, आपल्याच खोलीत. घर माणसांनी भरलेले होते. कारण मरणाच्या क्षणी मन ज्याला धरून असते तेच माणसाला पुढच्या जन्माकडे ओढून नेते, ही श्रद्धा त्या एकट्या घराची नव्हती. ती आजूबाजूच्या साऱ्या जगण्याच्या हाडीमाशी भिनलेली होती. कोणी गेले असे कळले की लोक आजाराचे नाव नंतर विचारीत, आधी विचारीत, "शेवटी कानावर काय पडलं?" रुग्णालयात मरणाच्या दारातल्या रुग्णाच्या उशाशी एक खुर्ची कानात पवित्र वचने म्हणणाऱ्यासाठी राखून ठेवलेली असे, आणि कामावर रजा मागताना वडील अत्यवस्थ आहेत असे सांगितले तर वरिष्ठ कामाचे सोडून हलक्या आवाजात म्हणत, "मग इथे काय करतोस? कानाशी कोण आहे?" माणूस जन्मभर कसा वागला याचा हिशेब कोणालाच नीटसा जमत नाही. शेवटची घटका तेवढी आपल्या हातात असते, अशी सगळ्यांची भाबडी आणि भयंकर आशा होती.

त्या सकाळी काकांनी वचने सुरू केली. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आवाज असा की भिंतीवरची तसबीर तिरकी व्हावी. ते वाकले, तोंड थोरल्या भावाच्या उजव्या कानाशी नेले, आणि पहिल्याच शब्दाला यंत्र किंचाळले. काका दचकून मागे झाले, पुन्हा वाकले, पुन्हा किंचाळले. आई म्हणाली, "अरे, हे काय मध्येच?" काका चिडून म्हणाले, "ते कुईं कुईं बंद कर रे आधी! पवित्र काम चाललंय." आणि त्याने बंद केले. असेच. नखाने. दुकानात दिवसभर करतो तसे. घटकाभरासाठी, काका जरा लांब सरकून बसेपर्यंत. पण काका लांब सरकले नाहीत. वचने वाहू लागली, आईने सूर मिळवला, बायकोने मिळवला, दारातल्या शेजाऱ्यांनी मिळवला, आणि त्या भरून आलेल्या आवाजात तोही म्हणू लागला. सेलचे दार उघडेच राहिले. त्या साऱ्या पवित्र शब्दांचा पूर एका बूच मारलेल्या कानावर आपटून परत येत होता.

हे त्याला आज, परक्या वृद्धेच्या कानाशी, कळले. यंत्र कानातून काढून लेकीच्या हातात देऊन तो मागच्या खोलीत गेला आणि आपल्या मेजाचा खालचा खण ओढला. वडिलांचे यंत्र त्यांच्या शेवटच्या अंघोळीच्या वेळी कानातून काढून त्याने कापसात गुंडाळून ठेवले होते, ते नंतर उलगडायचे धाडस झाले नव्हते. आता उलगडले. दार उघडे होते. घरात दुसऱ्या कोणालाही ते दार असते हेसुद्धा ठाऊक नव्हते.

बाहेर मॅडमचा आवाज येत होता. एक आजोबा यंत्र घ्यायला तयार नव्हते. "देवानं कान मिटले ते आत बघायला मिटले," ते म्हणत होते. त्यांची सून म्हणाली, "हो, आत बघतात आणि टीव्ही असा लावतात की तीन घरं उपदेश घेतात!" मॅडम खो खो हसल्या. "आजोबा, वैराग्य घ्यायचं तर पूर्ण घ्या. रिमोट सुनेला देऊन टाका." सगळे हसले. त्यालाही एरवी हसू आले असते. असे आजोबा रोजच येत. म्हातारपणी एकेक इंद्रिय मिटत जाते ते संसारातून सुटण्यासाठीच, असे म्हातारे म्हणत आणि मुलेही म्हणत. म्हातारे ते भीतीने म्हणत, मुले ते सोयीने म्हणत, आणि एकाच सुंदर विचाराच्या पांघरुणाखाली दोघेही निवांत झोपत. त्याने तरी दुसरे काय केले होते? वडील बिछान्याला खिळले तेव्हापासून तो त्यांच्याशी कमीच बोलत होता. आता त्यांचे मन आत वळले आहे, असे तो बायकोला सांगे.

जेवणाच्या सुट्टीत काचेची खोली रिकामी होती. तो आत गेला, जाड दार लावून घेतले, आणि ठसे घ्यायचा लगदा स्वतःच्या दोन्ही कानांत भरून स्टुलावर बसला. आधी वाटले, काहीच ऐकू येत नाही. मग हळूहळू ऐकू येऊ लागले. आवंढा गिळला तो विहिरीत दगड पडल्यासारखा वाजला. श्वास पोकळ नळातून जावा तसा जात होता येत होता, आणि त्याच्याही खाली रक्ताचा एक संथ ठोका. कान बाहेरून बुजला की माणसाचा स्वतःचाच आवाज आत कोंडून मोठा होतो, हे तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता. म्हणजे वडिलांनी शेवटी हे ऐकले. स्वतःचा श्वास, तुटत तुटत जाणारा. एखादा साधुपुरुष म्हणाला असता की यापरते श्रेष्ठ श्रवण ते कोणते. सगळे शब्द गळून माणूस आपल्या मुळाशी एकटा उरला! हा विचार त्याच्या मनात इतक्या लगबगीने आणि इतका सजूनधजून आला की त्याला त्याची किळस आली. हेही पांघरूणच.

कारण काचेतून बाहेर पाहताना त्याला मॅडम कोणाशी तरी बोलताना दिसल्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि त्या हलणाऱ्या ओठांनी त्याच्यासमोर उरलेले सारे उघडे केले. वडील ओठ वाचीत. गिरणीत सगळेच वाचीत. मागांच्या गदारोळात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून कामगार एकमेकांच्या तोंडाकडे बघून अख्ख्या गप्पा मारीत, चेष्टा करीत, भांडत. लहानपणी तो डबा घेऊन आलेला दिसला की वडील लांबूनच, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी "आला माझा साहेब" म्हणत. यंत्र नसले तरी समोर तोंड असले की वडिलांना सगळे कळे. आणि त्या सकाळी सगळी तोंडे कानाशी होती. समोर कोणी नव्हते. वडिलांनी डोळे उघडले होते, खूप मोठे उघडले होते, आणि छताकडे, दाराकडे, उजवीकडे, डावीकडे फिरवले होते. आई हुंदका देऊन म्हणाली होती, "सगळ्यांचा निरोप घेताहेत." ते निरोप घेत नव्हते, ते तोंड शोधत होते. काय चालले आहे, कोणी काही बोलत आहे का, एवढे कळावे म्हणून एखादे तोंड शोधत होते. तेव्हा काकांनी आपला पंजा त्यांच्या डोळ्यांवरून मायेने ओढला आणि म्हटले, "दादा, आता डोळे मिटा. आत बघा." त्या पंजाखालून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, पाणी आले.

त्याने कानांतला लगदा उपसून काढला. त्याच्या दोन कानांचे दोन ठसे मेजावर पडले होते. त्यांच्याकडे पाहवेना.

त्या दिवसापासून त्याला शिट्टी ऐकू येऊ लागली. उशीवर डोके टेकले की यायची, बायको चहा ठेवायला वाकली की यायची. शिट्टीचे एकवेळ सोसले असते. ती थांबली की पुढे जी शांतता येई तिच्यात वडील असत. रागावलेले नसत. उताणे पडून, वचने कधी सुरू होतात याची वाट पाहत असलेले. तोंडाशी घास घेऊन तो तसाच बसे, आणि बायको म्हणे, "अहो, भात थंड झाला, माणूस तरी गरम राहू द्या."

आणि नेमक्या याच महिन्यात आई घर सोडून चालली होती. तिने मठात जायचे ठरवले होते, दीक्षा घेऊन, कायमची. वडील असताना ही इच्छा तिने ट्रंकेच्या तळाशी जपावी तशी जपली होती. आता ती कपाटे आवरीत होती, भांडी वाटीत होती, आणि जो भेटेल त्याला एकच वाक्य सांगत होती, "माझं काही राहिलं नाही. ते ऐकत ऐकत गेले." तिच्या संन्यासाची सगळी इमारत या एका वाक्यावर उभी होती. हे त्याला जितके स्पष्ट दिसे तितकेच दुसरेही दिसे, की हे वाक्य काढून घेतले तर आई राहील. जिचा नवरा अंधारात चुकला आहे अशी बाई आपल्या सुटकेसाठी जाणार नाही. ती इथेच बसेल, त्याच्यासाठी वचने म्हणत, मरेपर्यंत. रोज दिसेल. आणि त्याला आई हवी होती. या वयातही, पोरासारखी, लाज वाटावी इतकी हवी होती. सत्य सांगावे असे मनात आले की त्याच्या मागोमाग हा लोभ आत शिरे आणि दोघांचे चेहरे वेगळे ओळखता येत नसत. मग सांगणे राहून जाई.

एका संध्याकाळी आई वडिलांच्या खोलीत जमिनीवर बसून जुने कपडे निवडत होती. तो दाराशी उभा राहिला.

"वरचा कप्पा घट्ट बसतो," ती म्हणाली. "उचलून ओढायचा. सूनबाईला दाखवलंय, पण तिला घाई फार."

"असं सांगतेस जसं काही परत येणारच नाहीस."

"येणारच नाहीये. इतके दिवस मग काय कीर्तन केलं मी?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आई, तिथे मौन असतं म्हणे. तुम्ही बोलायचं थांबलात की तुम्हाला ताप येतो!"

"येऊ दे. तापाबरोबर बडबड तरी उतरेल," आई म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून त्याला, "बस इथे. काय झालंय तुला? चेहरा बघ, पोळलेल्या माणसासारखा."

तो बसला. तिने वडिलांचा एक सदरा घडी घालून मांडीवर ठेवला.

"मला फार धास्ती होती रे," ती म्हणाली. "तापट माणूस. सगळा जीव त्या मागांत. मला वाटायचं, जाताना हा एखाद्या नादुरुस्त मागाची चिंता घेऊन जाईल आणि पुढच्या जन्मी पुन्हा तिथेच, तेलात हात. पण किती शांत झाले! डोळ्यांतून पाणी आलं. ऐकलं म्हणूनच आलं ना?"

"हं."

"हं काय? तू तर उशाशीच होतास. ऐकलं ना त्यांनी?"

खोलीत शिट्टी वाजून थांबावी तसे झाले. आईचे तोंड त्याच्या समोर होते, ओठ किंचित उघडे, उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसासारखे. त्याने बोलायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी आपल्या मनाने तिचे अंथरूण पुन्हा या खोलीत घातलेले, तिची चप्पल पुन्हा दाराशी ठेवलेली त्याला दिसली. तो आपल्यासाठी बोलणार होता.

"काका केवढ्याने म्हणत होते," तो म्हणाला.

आई हसली. खूप दिवसांनी अशी, पदर तोंडाला लावून. "तो? तो तर पलीकडच्या आळीत मेलेल्यांनाही पार करील!" मग तिने डोळे पुसले. "रडायचं तर आता रड. तिथे येऊन रडलास तर मला मान वर करता येणार नाही."

मठ शहराबाहेर होता. बसच्या शेवटच्या थांब्यापासून चालत जावे लागे. साधी बैठी घरे, दोरीवर वाळणारी एकाच रंगाची वस्त्रे, ओल्या फरशीचा वास. काका आले होते आणि इथे मात्र आवाज कोठे ठेवावा हे न कळून सारखे खाकरत होते. थोरल्या संन्यासिनीने त्यांना अंगणातल्या बाकावर बसवले. ती वयस्क, ठेंगणी, शाळेतल्या कडक बाईंसारखी दिसणारी होती. दीक्षा घेणाऱ्याला घरच्यांनी स्वतःच्या तोंडाने सोडावे लागे, हा तिथला नियम. तिने आईकडे पाहिले नाही. त्याच्याकडे पाहिले.

"यांचं तुमच्याकडे काही राहिलंय? देणं, घेणं, सांगणं, विचारणं? असेल तर आज घरी घेऊन जा त्यांना. कोणी नावं ठेवणार नाही."

कोवळे ऊन होते. आई शेजारी उभी होती, आपली नजर जमिनीवर ठेवून, आणि तिच्या गळ्याची एक शीर उडत होती. सांगणं, असे ती बाई म्हणाली होती. एवढे दार उघडे ठेवून कोणीतरी त्याच्या समोर बसले होते. बायकोने त्याच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

"काही नाही," तो म्हणाला. दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो त्या आवाजात.

आईने सुटल्यासारखा श्वास सोडला. मग ती आत गेली.

केस उतरवायला किती वेळ लागला ते त्याला कळले नाही. एकदा केस उतरले की परतीचा प्रश्न उरत नाही, हे थोरल्या बाईंनी आधीच सांगितले होते. आतून कात्रीचा आवाज येत राहिला, मग पाण्याचा, मग काहीच नाही. ती बाहेर आली ती पलीकडच्या दाराने, तिघीचौघींच्या मध्ये, त्या एकाच रंगाच्या वस्त्रात. सगळ्या पाठमोऱ्या चालल्या होत्या. मागून कोणती आपली ते त्याला आधी ओळखूच येईना. मग एकीच्या चालण्यातला डावीकडचा झोक दिसला.

आणि तेव्हा, अंगातून ताप उतरावा तसे त्याला जाणवले की आता तिला परत आणता येणार नाही, म्हणजे आता तिच्याकडून मिळवायचे काहीच उरलेले नाही. लोभ गेला होता. जे उरले ते निव्वळ घडलेले होते, स्वच्छ, सांगण्याजोगे. आता तो सांगू शकत होता. सांगायलाच हवे होते, कारण वडिलांचे काही राहिले असेल तर त्यांच्यासाठी काही करू शकणारे माणूस जगात आईच एक होती, आणि तीही दीक्षेने आत्ता कुठे तशी झाली होती. तो बाकावरून उठला, अंगणाच्या कडेच्या बुटक्या कुंपणापर्यंत गेला.

"आई!"

ती वळली नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने, काकांच्या घराण्याचा सगळा गळा लावून. दोरीवरची वस्त्रे हलली. त्या बायकांपैकी एकीनेही मान फिरवली नाही. डावीकडे झोक जाणारे ते पाऊल पायरीशी किंचित रेंगाळले, की पायरीच उंच होती; मग तेही वर चढले. आईचे कान तर शाबूत होते. त्यानेच दर वर्षी मॅडमकडून तपासून घेतले होते.

कुंपणाशी एक तरुण संन्यासिनी बादली घेऊन उभी होती. तिने बादली खाली ठेवली आणि ती जवळ आली.

"तुमच्या आई का?"

त्याने मान हलवली.

"घरच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आज पहिलं शिकवतात." ती थोडी थांबली. तिच्याही मुंडन केलेल्या डोक्यावर केसांची निळसर साय दिसत होती. "हाका नका मारू, दादा. सुरुवातीला फार ऐकू येतं हो."